देवीच्या पायरीवरचे खवले

भोरात लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की हमखास म्हणतात, "या वनखात्यात होत्या." वनखात्यात मी एक दिवसही नव्हते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. आता नेमकं काम काय होतं, असं कुणी खोदून विचारलं, तर ते पंगतीत बसून सांगण्यासारखं नाही. मी रानातल्या जनावरांची विष्ठा गोळा करायचे. ती बारीक चाळणीत धुवायची, उन्हात वाळवायची आणि त्यातले केस, हाडं, खवले, बिया वेगळ्या करून जनावर कोणतं आणि त्यानं काय खाल्लं ते ठरवायचं. नोकरीची बहुतेक वर्षं याच उद्योगात गेली.

आईनं माझी बादली, चाळणी आणि पंचा मागच्या पडवीत वेगळा ठेवला होता. डोंगरातून आले की आधी अंघोळ, मग घर, आणि त्या दिवशी देव्हाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. शेजारणींना ती सांगायची, "आमची शास्त्रात आहे." कोणत्या शास्त्रात, हे तिनं शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. मला तेव्हा तिच्या सोवळ्याचा राग यायचा. पुढे याच सोवळ्यानं मला नोकरीतला सगळ्यात मोठा धडा दिला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

अंगावर दाट, मऊ लव असलेली रानातली लहान जनावरं हा माझा विषय. मुंगूस, उदमांजर, खोकड, रानमांजर, पाणमांजर. बिबट्या गावात शिरला की पेपरात फोटो येतो, पाणमांजर नदीतून कायमचं गेलं तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही. रस्ता, बंधारा, पूल असं काही बांधायचं निघालं की तिथं यांपैकी कोण राहतं, आणि बांधकामानंतरही ते राहावं म्हणून काय करता येईल, हे आम्ही सांगायचो. संस्थेत याला उपयोजित संशोधन म्हणत. ठेकेदार लोक आम्हाला काय म्हणत ते इथं लिहिता येणार नाही.

या जनावरांची लव हीच त्यांच्या जिवावर उठलेली. भोरमध्ये आमच्या ओळखीचे एक निवृत्त चित्रकलाशिक्षक होते. एकदा त्यांनी मोठ्या कौतुकानं आपला जुना ब्रश दाखवला. असा लवचिक ब्रश आता मिळत नाही म्हणाले. केसावर फिकट आणि गडद असे आळीपाळीनं पट्टे होते. एक केस मागून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि तो मुंगसाचा निघाला. शाळेच्या कुंपणभिंतीवर 'वन्यजीव वाचवा' असं सरांनी त्याच ब्रशानं रंगवलं होतं. मी सांगितल्यावर सरांनी बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला. मग एका संध्याकाळी स्वतः येऊन सगळे ब्रश माझ्या हातात दिले आणि चहा न घेता गेले. खरं सांगणं हे माझ्या नोकरीचं काम होतं, पण त्या संध्याकाळी ते जड गेलं.

पाणमांजराचीही तीच गत. त्याच्या अंगावरची लव इतकी दाट की पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. त्या कातड्यासाठी माणसानं ते मारलं, आणि उरलेलं जाळी फाडतं म्हणून मारलं. हा प्राणी कुटुंबानं राहतो आणि दिसतो फार क्वचित. पण त्याची एक सवय आमच्या उपयोगाची. नदीकाठचा एखादा सपाट दगड निवडून तो रोज तिथंच विष्ठा टाकतो. त्या वासानं बाकीच्यांना कळतं की इथं कोण राहतं. म्हणजे एका अर्थी घरावरची पाटीच ती. आम्ही ती पाटी वाचायचो. वाळलेल्या सुकटीसारखा वास, खेकड्याच्या कवचाचे तुकडे आणि माशांचे चमकणारे खवले दिसले की काम झालं.

आता मुद्द्याचं. वेल्ह्याकडे, म्हणजे कागदोपत्री आता राजगड तालुका झाला असला तरी लोकांच्या तोंडी वेल्हंच, तर तिकडे गुंजवणी धरणाच्या खाली नदीकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी कॅमेरे घेऊन माणसं तिथं उभी राहतील. गावच्या देवीचं देऊळ अगदी नदीला लागून. देवळापासून दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात आणि तिथं खोल डोह आहे. त्या डोहातले मासे देवीचे. कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हाताएवढे मासे वर येऊन तोंडं उघडतात.

या डोहाला दोन्ही काठांनी सिमेंटचा घाट बांधायचं ठरलं होतं. पलीकडच्या काठावर करंजांची दाटी, त्यांच्या मुळांत मोठमोठी बिळं. घाटासाठी तो काठ जेसीबीनं सरळ करायचा होता. तिथं पाणमांजरांचं घर असेल तर ते पिलांसकट जाणार होतं. त्या पट्ट्यात ही जनावरं एवढ्याच ठिकाणी टिकली असावीत, असा मला दाट संशय होता. पण संशयाला कुणी विचारत नाही. ती इथं राहतात याचा पुरावा द्या, नाहीतर काम सुरू होऊ द्या, असं आमच्या संस्थेला सांगण्यात आलं होतं.

मी दोन्ही काठ पालथे घातले. डोहाच्या वर जुनी विष्ठा सापडली, डोहाच्या खालीही सापडली. डोहापाशी मात्र काहीच नाही. बिळांच्या तोंडाशी कातळ, त्यावर पाऊल उमटत नाही. कॅमेरे लावायचे म्हटलं तर गावानं साफ नकार दिला, कारण डोहावर बायका अंघोळीला येतात. त्यांचं काही चुकलं नव्हतं. सरपंचांना विचारलं, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, पाणमांजरं वर धरणाकडं, इथं नाहीत. आमचे प्रमुख फोनवर म्हणाले, सापडत नाही तर तसं लिहा आणि मोकळ्या व्हा.

मला ते पटत नव्हतं. सगळ्यात खोल पाणी इथं, सगळ्यात जास्त मासे इथं, कुणाचा उपद्रव नाही, आणि खूण नेमकी इथंच नाही. न सापडणं आणि नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य असं की पहिलं वाक्य कुणी ऐकून घेत नाही.

एकदा परतीची एसटी आलीच नाही आणि मुक्काम पडला. देवीच्या पूजेची सेवा ज्यांच्याकडे होती त्या गुरवांच्या घरी माझी सोय झाली. घरात चांगुणाबाई आणि दम्यानं बेजार झालेले त्यांचे मालक. सेवेची पाळी कुणाची ते भावकी दर वर्षी ठरवायची, पण सासऱ्यांच्या काळापासून ती याच घरात राहिलेली. मालकांकडून पूजेपुरतंच काम होई. झाडलोट, पाणी, दिवाबत्ती सगळं चांगुणाबाई बघायच्या. बाई उंच, काटक आणि बोलायला कमी. मी काय शोधते हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

सकाळी दिशा उजळल्याबरोबर मी डोहावर गेले, तर चांगुणाबाई माझ्या आधी तिथं होत्या. पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर कळशीनं पाणी ओतून खराट्यानं घासत होत्या. मी चार पायऱ्या वर उभी होते. पायरीवरून पाणी वाहत डोहात गेलं आणि त्या पाण्यात खवले चमकले. वास तर मला आधीच आला होता. तो वास ओळखायला मला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

मी हाक मारली तशा त्या दचकल्या आणि खराटा पाठीमागं धरला. मी जवळ जाऊन विचारलं, हे रोज असतं का. वर कुणी येत नाही ना, ते त्यांनी आधी पाहिलं. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून त्या बघत होत्या. पाणमांजरं पायरीवर घाण करतात. सासूबाई माणसं यायच्या आधी धुवायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत. त्यांच्यामागे या धुवायला लागल्या. गावाला कळलं की देवीची पायरी रोज विटाळते, तर सेवेत खोट काढायला भावकी टपलेलीच होती. म्हणून दोन पिढ्या बायकांनी ती पाटी रोज सकाळी पुसून टाकली होती आणि पारावरची माणसं खरंच समजत होती की पाणमांजरं इथं नाहीत.

मला आनंद लपवता आला नाही. मी त्यांना घाट, जेसीबी, बिळं सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, थोडे दिवस धुऊ नका, एवढंच करा. मला ताजी विष्ठा मिळाली तर किती जनावरं आहेत तेसुद्धा प्रयोगशाळेतून कळेल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमच्या देव्हाऱ्यात आसलं काय पडलं, तर ठिवाल का तसंच? लोकांच्या पुराव्यासाटी?"

मला आईची पडवी आठवली. मी दुपारच्या गाडीनं भोरला आले, आणि पुरावा समोर असून हाताशी नाही, याची चरफड सगळ्या वाटेनं चालू होती. कुणाच्या देवाच्या पायरीवर घाण राहू द्या म्हणायचा हक्क मला कुणी दिला होता, हे मात्र उशिरा मनात आलं.

पुढच्या खेपेला गेले ती माघार घ्यायच्या तयारीनं. चांगुणाबाईंनी मला गोठ्यामागं नेलं. तिथं एक बांबूची पाटी पालथी घातलेली. ती उचलली तर खाली पळसाची पानं ओळीनं मांडलेली आणि प्रत्येक पानावर विष्ठा. पायरी त्यांनी रोज धुतलीच होती. पण धुवायच्या आधी जे होतं ते पानावर उचलून ठेवलं होतं, आणि एका दिवसाचं दुसऱ्या दिवसात मिसळू दिलं नव्हतं. वेगळं का ठेवलं, असं मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. देवीच्या दारातलं कालचं निर्माल्य आजच्यात कुणी मिसळतं का, असं त्यांनी उलट मला विचारलं.

आमच्या कामात सगळ्यात अवघड काय, तर विष्ठा कधीची आहे ते ठरवणं. दगडावर नवं-जुनं एकत्र पडलेलं असतं आणि सगळा अंदाजाचा कारभार चालतो. इथं दगड रोज धुतला जात होता, म्हणून पानावरचं सगळं त्याच दिवसाचं होतं. इतकी स्वच्छ सामग्री मला सबंध नोकरीत दुसरीकडे मिळाली नाही. ज्या धुण्यावर मी मनातल्या मनात चिडले होते, त्या धुण्यानंच हे साधलं होतं.

पुढे जवळजवळ वर्षभर मी जात राहिले आणि त्या पानं ठेवत राहिल्या. प्रयोगशाळेनं सांगितलं की हे एकच कुटुंब आहे, माद्या आहेत, नर आहे, आणि थंडीत पिलांचीही भर पडली आहे. म्हणजे पलीकडची बिळं घरं होती यात शंका उरली नाही. चाळणीत खेकड्यांची कवचं सगळ्यात जास्त, धरणातून खाली येणाऱ्या चिलापी माशांचे खवले त्याखालोखाल. आणि मधूनमधून एक मोठा, जाड खवला. तो मी वेगळ्या डबीत ठेवायचे, कारण तसे मोठ्या खवल्यांचे मासे त्या पट्ट्यात फक्त डोहात होते.

अहवाल गेला. वरून निरोप आला की पुरावा मान्य आहे, पण गावाचं म्हणणं काय ते कळवा. गावाला घाट हवाच असेल तर वाद नको. म्हणून देवळाच्या मंडपात सभा बसली. मी जे बोलायचं ते साध्या भाषेत बोलले. चांगुणाबाईंचं नाव घेतलं नाही. तसं आमचं ठरलं होतं. नदीकाठी विष्ठा मिळाली, एवढंच म्हणाले. माणसं ऐकत होती, दोघंतिघं मान हलवत होती. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात चांगुणाबाईंचे दीर उठले. पुढची पाळी त्यांना हवी होती आणि घाटाच्या कामावर त्यांच्या मुलाचा ट्रॅक्टर लागणार होता. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा नव्हता.

"बाकी ऱ्हाऊ द्या. ती जनावरं देवीचं मासं खात्यात का न्हाई, एवढं सांगा."

मला टाळता आलं असतं. खेकडे जास्त खातात, असं म्हणून बसले असते तरी ते खरंच होतं. खांबाला टेकून बसलेल्या बायकांत चांगुणाबाई होत्या. त्यांनी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता आणि मीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "खातात. कमी खातात, पण खातात. खवले मिळालेत."

मग एकच गलका झाला. देवीच्या माशाला आम्ही हात लावत नाही आणि ही जनावरं फस्त करतात. यांच्यासाठी घाट सोडायचा का, असं तरणी माणसं म्हणायला लागली. कुणी बिळांत धूर करायची गोष्ट काढली. घाट अडवायला म्हणून आलेली मी, जनावरांच्या जिवावर उठले की काय, असं मला झालं.

चांगुणाबाई उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. त्या गावात सून म्हणून आल्या तेव्हापासून सभेत बोललेल्या नव्हत्या.

"ती काठावर न्हाई, देवीच्या पायरीवर येत्यात," त्या म्हणाल्या. "रोज येत्यात. रोज घाण करत्यात. ती घाण म्या धुती, माझ्या आदी माझी सासू धुवायची. आमी झाकून ठिवलं. देवीआईनं येवड्या वरसात त्यास्नी हाकललं न्हाई. तिच्या पंगतीला बसल्यात ती. पंगतीतनं कुणाला उठवायचंच आसंल, तर आदी मला उठवा."

आणि त्या खाली बसल्या. एक म्हातारे गृहस्थ, जे आतापर्यंत तंबाखू मळत होते, ते म्हणाले की जेवत्याला उठवायची रीत आपल्या गावात नाही. वाद पुढंही चालला, पण धुराची गोष्ट पुन्हा निघाली नाही. शेवटी ठरलं ते असं की घाट देवळाच्या काठानंच बांधायचा, पलीकडच्या काठाला हात लावायचा नाही. कागदावर ती माझ्या नोकरीतली मोठी कामगिरी ठरली. त्यावर मी दोन परिषदांत बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चांगुणाबाईंचं काय झालं ते परिषदेत सांगायला जागा नसते. पायरी विटाळत होती आणि ते गावापासून लपवलं, असं म्हणून भावकीनं सेवा काढून घेतली. कुणी मोठ्यानं भांडलं नाही. पुढच्या पाळीला देवळाच्या किल्ल्या दिरांच्या घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मालक त्या पावसाळ्यात वारले. हे मला उशिरा कळलं. मी भेटायला गेले. मी नुसती माफी मागितली. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, तुम्ही खोटं बोलला असता तर मला उठावं लागलं नसतं, पण मग रोज सकाळी त्या पायरीवर उभं राहून मला कसंनुसं झालं असतं. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या थंडीत पुन्हा गेले होते. आता मला कुणी पाठवत नाही, मी माझ्या मनानं जाते. नवा घाट झाला आहे, त्यावर दिवे आहेत, पायऱ्यांवर फरशी आहे. पायरीजवळ वाकून पाहिलं, तिथं काही नव्हतं. पलीकडे करंज उभे होते, पण बिळांवरून काही कळत नव्हतं. आपण वाचवलं म्हणतो ते खरंच वाचलं का, असा विचार करत घाटावर बसले होते. चांगुणाबाईंनी मला लांबून पाहिलं आणि हातानं बोलावलं.

डोहाच्या जरा खाली, वळणावर, त्यांचा धुणं धुवायचा दगड आहे. मोठा, सपाट, वर्षानुवर्षं धुणं आपटून गुळगुळीत झालेला. त्याच्या मधोमध ताजी, ओली विष्ठा होती. तिच्याखाली जुनी, तिच्याखाली त्याहून जुनी, आणि कोवळ्या उन्हात सगळ्यावर खवले चमकत होते. मी गुडघ्यावर बसून वास घेतला. सवयीप्रमाणे नजर टाकली तर कडेच्या ओल्या वाळूत बारकी पावलंही होती, पिलांची.

चांगुणाबाईंच्या कडेवर धुण्याची बादली होती. धुणं कुठं धुता मग, असं मी विचारलं. त्यांनी खाली पाण्यात एका ओबडधोबड, वाकड्या दगडाकडं बोट दाखवलं. तिथं उभं राहायला धड जागा नव्हती.

"हितली घाण म्या धूत न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यो काय देवीचा दगड न्हाई. माजा हाय."